तुतीखालचा रांजण

“खरं सांगितलं तरी कुणाचा विश्वास बसायचा नाही, म्हणून इतकी वर्षं तोंड शिवून बसले,” आजी बाकावर ऐसपैस बसत म्हणाली.

समोर तुतीच्या झाडाखाली खणलेला खड्डा, आणि शेजारी आडवा पडलेला रांजण. आत कोरडा ठणठणीत.

उद्या सुइलानचं लग्न. चीनमधल्या शाओशिंगच्या मुलखात मुलगी जन्मली की तांदळाच्या दारूचा रांजण पुरतात आणि तिच्या लग्नाला उकरतात. सुइलानच्या नावाची या घरात तेवढी एकच वस्तू. धाकट्या भावाला शाळा, तिला चौदाव्या वर्षी मोजे विणायचा कारखाना. त्याला माडीवरची खोली, तिला जिन्याखालची खाट. ती रुसली की आई पाठीवरून हात फिरवायची, “अगं, रांजण तुझा आहे ना? त्याला कुणी बोट लावणार नाही.”

“तुझी पणजी प्यायली,” आजीने जाहीर केलं.

“मेलेली पणजी?”

“मग काय जिवंत? तिचा रांजण शिपायांनी फस्त केला. मी जन्मले तेव्हा बाप लढाईतून जीव घेऊन पळत होता, पुरतोय कसला! तुझी आई ऐन दुष्काळातली. तांदूळ तोंडात घालायला नव्हता. तीन पिढ्या कोरड्या! म्हातारीचा आत्मा तहानेने व्याकूळ. एका भर दुपारी अंगणात टुकटुक, टुकटुक. बघते तर ते लहानपणीच आवळून बांधलेले, मिरचीएवढे पाय! फतकल मारून, बांबूची नळी जमिनीत खुपसून ओढतेय! म्हटलं, ‘सासूबाई, पोरीचं आहे हो!’ तर असा ढेकर दिला, की तुतीची पानं लाल झाली.”

सुइलानला हसू आलं नाही. तिने रांजणाचं झाकण उलटं केलं. दारू मुरवताना तोंडाला बांधतात ते कमळाचं पान नाही, वरचा चिखलाचा लेप नाही; कडेला नुसतं सिमेंट.

“आणि हे सिमेंट? तेही पणजीनेच कालवलं?”

“भारी हौशी होती गं म्हातारी.”

“आजी!” सुइलानचा आवाज चिरकला. ती उंबऱ्यावर बसलेल्या आईकडे वळली. “आई, तू तरी सांग हिला. तू म्हणायचीस ना, कुणी हात लावणार नाही म्हणून?”

आईने सोलायला घेतलेला कमळकंद खाली ठेवला.

“पुरे करा, सासूबाई. खोटं आहे सगळं. धाकटा महिन्याचा झाला त्या जेवणाला दारू कमी पडली. रांजण तुम्ही उकरलात, सिमेंट हिच्या बापाने कालवलं. आणि पाहुण्यांना वाढली मी.”