ताटावरचा हात

त्या रविवारी मुक्ताबाई खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटत होत्या आणि त्यांची लेक उत्पला ताटावर बसून घड्याळाकडं बघत होती. तेरहून धाराशिवची ही गाडी चुकली की पुढचीत उभं राहायलाही जागा मिळत नाही, आणि घरी कॉलेजचे पेपर तपासायचे राहिले होते.

"अजून अर्धी घे," मुक्ताबाईंनी भाकरी पुढं केली. "चिमणी तरी बरी तुझ्यापरास."

उत्पलाचा हात ताटावर आडवा गेला. "बास, आई."

हा हात लहानपणापासूनचा. शाळेतली खिचडी शिजवून मुक्ताबाई घरी आल्या की पुन्हा चूल पेटायची, आणि मग गाडी चुकलेला कुणी, नवऱ्याशी भांडून आलेली कुणी, जो दारात येईल तो जेवूनच जायचा. उरेल की नाही याची फिकीर मुक्ताबाईंनी कधी केली नाही. ती उत्पला करायची. दुरडीतल्या भाकरी डोळ्यांनी मोजायची आणि भूक असतानाच ताटावर हात धरायची. पुढं नोकरी लागली, शहरात घर झालं, भाकरी मोजायची गरज उरली नाही. हात तेवढा राहिला.

"चटणी तरी ने."

"पिशवीत सांडेल. पुढच्या वेळी नेते."

मुक्ताबाईंनी बरणी भरली, वरच्या फळीवर ठेवली आणि नातीला, इराला बजावलं, "ही तुझ्या आईची हाय. हिला कुणी हात लावायचा न्हाय. म्या सुद्धा."

उत्पलाला हसू आलं. या घरात एखादी वस्तू एकाच माणसाची असल्याचं ती पहिल्यांदाच ऐकत होती.

मंगळवारी पहाटे भावाचा, सुगतचा फोन आला. आई झोपेतच गेली होती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी अंगणात मंडप घातला होता. वंदना झाली, भंतेजी जेवून गेले, तरी माणसं येतच राहिली. आईच्या फोटोपुढं मेणबत्ती लावायची आणि उत्पलाकडं वळून विचारायचं, अचानक कसं काय? ती सांगायची. तेच शब्द, त्याच क्रमानं. मरणावरची कितीतरी पुस्तकं तिनं वाचली होती, पण माणसांना सांगून सांगून जबडा दुखतो असं कुठं वाचलेलं तिला आठवेना. रडूही येत नव्हतं. नुसतं कुठंतरी भिंतीला टेकून बसावं असं वाटत होतं.

सकाळीच तिनं ती बरणी फळीवरून काढून आपल्या पिशवीत, साडीच्या घडीत ठेवली होती. आईचं बाकी सगळं गावाचं होतं. तिच्या साड्यासुद्धा बायकांनी आठवण म्हणून मागून नेल्या होत्या आणि उत्पलानं दिल्या होत्या. बरणी मात्र ती देणार नव्हती.

शेवटच्या पंगतीला शेजारच्या चन्नम्मा मावशी बसल्या. आचाऱ्याची भाजी चाखून म्हणाल्या, "मुक्ताबाईच्या घरी जेवायचं अन् चटणी न्हाय? फळीवर बघ की गं, आसंल."

"संपली, मावशी," उत्पला म्हणाली.

"नाही संपली," इरा म्हणाली. "आईच्या पिशवीत आहे."

पंगतीत कुणीतरी खुसखुसलं. चन्नम्मांनी घास तसाच हातात धरला. "अगं बया. मुक्ताबाईची लेक अन् चटणी दडवती व्हय?"

उत्पलाच्या अंगात भांडायला त्राण नव्हतं. तिनं आत जाऊन बरणी आणली आणि पंगतीच्या एका टोकापासून चिमूट चिमूट वाढत निघाली. लसणाचा वास सुटला. एक म्हातारा चटणीकडं बघत राहिला, भाकरी मोडेचना. पुढं पुढं बरणीत काय उरलंय ते बघायचंही उत्पलानं सोडून दिलं. शेवटच्या ताटापर्यंत चटणी पुरली आणि तळ दिसला.

माणसं गेल्यावर ती रिकामी बरणी मांडीवर घेऊन चुलीजवळ टेकली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. चन्नम्मांनी न विचारता समोर ताट ठेवलं.

"माज्यावर रागावलीस?"

"नाही, मावशी. दमलेय."

"का लपवलीस ते आता ध्यानात आलं माज्या. तवा आलं न्हाय." त्यांनी बरणी तिच्या मांडीवरून उचलली, गरम भाकरीचा तुकडा आत फिरवला, काठाला, तळाला लागलेलं सगळं पुसून घेतलं आणि तो लाल, तेलकट तुकडा तिच्या ताटात ठेवला. "घे. हे तुजं."

उत्पलानं तो खाल्ला. मीठ थोडं जास्त झालं होतं. तिला गाडीची घाई होती म्हणून आईनं चव न बघताच बरणी भरली असणार.

चन्नम्मांनी दुरडीतली अर्धी भाकरी उचलली. "अजून?"

हात आपसूक ताटावर गेला. उत्पलानं त्याच्याकडं पाहिलं. मग तो उचलून मांडीवर ठेवला आणि आत आणून ठेवलेल्या आईच्या फोटोकडं बघत, बाहेर मंडप सोडणाऱ्या सुगतलाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

"वाढ, आई. भूक आहे मला. अजून वाढ."