झोपलात का?

यज्ञेश्वरकाका म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रातल्या पोरांचे काका. घरोघरी त्यांची पुस्तकं आणि दर रविवारी रात्री रेडिओवर त्यांची गोष्ट. पद्मजा ही त्यांची एकुलती एक मुलगी. तिच्याही वाट्याला ते जवळजवळ काका म्हणूनच आले, पण हे बोलायचं कुणाशी? थोर माणसाच्या लेकीनं तक्रार केली की लोकांना ती कृतघ्न वाटते.

यंदा काकांची जन्मशताब्दी. कोथरूडच्या एका शाळेनं सत्तरीच्या पद्मजाताईंना बोलावलं. शाल झाली, श्रीफळ झालं. अध्यक्ष मुलांसाठी बोलले आणि मुलं सोडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सतरंजीवर पुढेच बसलेल्या एका मुलीनं हात वर केला.

"आजी, ते तुम्हाला रोज गोष्ट सांगायचे?"

या प्रश्नाला ताई जन्मभर हसून 'हो' म्हणत आल्या होत्या. आज मात्र जीभ रेटेना.

"नाही गं. अप्पा लिहायला बसले की खोलीचं दार बंद. आणि ते सारखे लिहीतच असायचे. मी त्यांची गोष्ट रेडिओवरच ऐकायची. ती आधीच रेकॉर्ड करून ठेवलेली असे. त्यामुळे रेडिओतही अप्पा आणि शेजारच्या खोलीतही अप्पा."

मुख्याध्यापिकाबाईंनी घाईघाईनं पाण्याचा ग्लास पुढे केला. ती मुलगी मात्र खूश झाली.

"म्हणजे तुम्ही आमच्यासारख्याच. मग इथे बसा ना, आता त्यांची गोष्ट लावणारेत."

तिनं सरकून जागा केली. ताई गुडघे सांभाळत व्यासपीठावरून उतरल्या आणि पोरांत जाऊन बसल्या. कितीतरी वर्षांत त्यांना कुणी असं सरकून जागा दिली नव्हती.

जुनं रेकॉर्डिंग खरखरलं. गोष्टीआधी काका नेहमी एक प्रश्न विचारत आणि उत्तरासाठी थांबत.

"बाळांनो, झोपलात का?"

"नाही," मुलं ओरडली.

लहानपणी ताई हे उत्तर मुद्दाम घसा ताणून द्यायच्या. ते रेडिओसाठी नसायचं, शेजारच्या बंद दारासाठी असायचं. दार एकदाही उघडलं नाही.

मुलांचा आवाज विरला, तरी काका अजून थांबलेलेच होते.

"नाही, अप्पा," ताई म्हणाल्या.

"शाब्बास," काका म्हणाले आणि गोष्ट सुरू झाली.

ती शाबासकी सगळ्यांसाठी होती. ताईंनी आपल्या वाटणीची घेतली.