ग्लेनिसने भरलेली काडतुसं

सकाळचे आठ वाजले की गॅरेजमधून आवाज यायचा. खट्, मग कर्र. दांडा खाली, दांडा वर. ड्वेन कॉफीचा कप हातात धरून स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत राहायचा. गॅरेजमध्ये कुणी नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या बायकोला, ग्लेनिसला, जाऊन तीन महिने झाले होते आणि काडतुसं भरायच्या तिच्या यंत्रावर त्याने स्वतःच्या हाताने जुनी चादर टाकली होती. तरी आवाज यायचा. एकदा तर तो बोलूनही गेला, "अगं, आधी नाश्ता तरी कर!" आणि स्वतःच्याच आवाजाला असा दचकला की सगळी कॉफी सिंकमध्ये ओतून मोकळा झाला.

बत्तीस वर्षं त्याने तिच्या हातची काडतुसं उडवली होती. ड्वेनचं रिव्हॉल्व्हर म्हणजे एक धूडच, पण खायचं मात्र पिस्तुलाची पंचेचाळीसची गोळी. आता पिस्तुलाच्या काडतुसाला बुडाशी कंगोरा नसतो. ते तसंच रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रीत टाकलं तर उडवल्यावर रिकामी पुंगळी उपसून काढता काढता नाकी नऊ येतात. म्हणून पत्र्याची पातळ चकती वापरायची. तिच्यात सहा काडतुसं अडकवायची, सहाच्या सहा एका दमात आत, आणि झाल्यावर एका दमात बाहेर. नेमबाजीच्या क्लबातले बाकी सगळे पिस्तूलवाले. ते चिडवायचे, "काय रे ड्वेन, आजोबांच्या थडग्यातून उपसलंस का हे?" मग शनिवारी टेबलावर बोलिंगच्या लाकडी पिना मांडायचे आणि ड्वेन सगळ्यांच्या आधी त्या खाली लोळवायचा. "हात माझा, हुन्नर बायकोचा," असं तेव्हा तो सगळ्यांना ऐकवायचा. हो, असं म्हणायचा तो. हे विसरू नका.

गेल्या सप्टेंबरमधल्या एका शनिवारी त्याच्या रिव्हॉल्व्हरने बार काढायच्या ऐवजी नुसतं फुस्स केलं. काडतुसाच्या बुडाची ठिणगी पाडणारी टोपी पेटली, पण पुंगळीत दारूच नव्हती. नुसत्या टोपीच्या जोराने गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन अडकून बसली. चढाओढीच्या भरात ड्वेनचं बोट पुन्हा घोड्यावर गेलं होतं. मागे उभा असलेला क्लबातला दोस्त हार्लन बेंबीच्या देठापासून ओरडला, "थांब गाढवा!" म्हणून वाचला. दुसरा बार निघाला असता तर नळी फुटून हात गेला असता, डोळे गेले असते, देव जाणे काय काय गेलं असतं.

ग्लेनिस मागच्या बाकावर लेमोनेड पीत बसली होती. ड्वेन तिच्यापुढे जाऊन उभा राहिला आणि सगळ्या क्लबासमोर गरजला, "मारलं असतंस ना मला आज!"

"मी प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून बघते, ड्वेन," ती म्हणाली.

"बघतेस, आणि बघितलं काय ते विसरतेस!"

लोक आपापल्या बुटांकडे बघायला लागले. ग्लेनिसने पेला खाली ठेवला आणि पर्स उचलली. खोटं कशाला बोला, त्या वर्षभरात ती विसरायला लागलीच होती. हार्लनला तिच्या मेलेल्या भावाच्या नावाने हाक मारायची. एकदा ओव्हनमध्ये बटाट्यांचा कोळसा केला आणि धूर घरभर. त्यांची मुलगी टॅमी तेव्हापासून मागे लागली होती की आईला विसराळू म्हाताऱ्यांच्या घरात ठेवू या. ड्वेन ऐकत नव्हता. "ती अजून शाबूत आहे," म्हणायचा. त्या फुस्सनंतर त्याने ऐकलं. पंधरा दिवसांत ग्लेनिसची बॅग भरली.

तिथे ती खिडकीशी बसायची आणि उजवा हात खुर्चीच्या हातावर खाली-वर, खाली-वर करत राहायची. नर्सला वाटायचं, रोगाची खोड आहे. ड्वेनला कळायचं ती काय करतेय ते. त्याला ते बघवायचं नाही, म्हणून तो रविवारचा अर्ध्या तासात परत फिरायचा. मार्चमध्ये ती गेली.

आता कपाटात तिने भरलेल्या चौतीस चकत्या तशाच पडून होत्या. जूनमधल्या एका शनिवारी टॅमी आली तीच खोके घेऊन.

"बाबा, ते सगळं मी शेरीफच्या ऑफिसात देऊन टाकते. माझी पोरं येतात या घरात. आईने शेवटी शेवटी त्यांच्यात काय भरलंय कुणाला माहीत!"

"मला माहीत करून घ्यायचंय," ड्वेन म्हणाला.

"काय?"

"काय भरलंय ते. फोडून बघणार आहे एकेक."

"दोनशे काडतुसं? वेड लागलंय का तुला?"

त्याला रात्रंदिवस एकच गोष्ट खात होती. ग्लेनिस खरंच हातची गेली होती, म्हणून तिला नेऊन टाकलं, की ती भानावर होती, शाबूत होती आणि आपण तिला उचलून बाहेर ठेवलं? विचारायचं कुणाला? सांगणार होती ती काडतुसंच. त्यातली पाच-दहा जरी रिकामी निघाली असती तरी त्याला सुखाने झोप लागली असती. असं मागणं मागणाऱ्या नवऱ्याला काय म्हणावं ते तुम्हीच ठरवा.

त्याने यंत्रावरची चादर काढली. गोळी उपसायचा पोकळ हातोडा घेतला. काडतूस आत बसवायचं, ठोकळ्यावर दोनदा आपटायचं, की गोळी आणि दारू सुटून खाली येते. दारू छोट्या तराजूत ओतायची आणि काटा बघायचा. ठक् ठक्. काटा बरोबर खुणेवर. ठक् ठक्. खुणेवर. प्रत्येक चकतीवर ग्लेनिसने कागदाची चिठ्ठी लावून तारीख घातली होती. मार्च, एप्रिल, जुलै. ज्या आठवड्यात बटाटे जळले, त्या आठवड्यातली काडतुसं त्याने फोडली. केसभरसुद्धा फरक नव्हता.

टॅमी दारात गरम जेवणाची थाळी घेऊन उभी राहिली. "खा तरी काहीतरी."

"थांब गं."

दुपारी तीनला चिठ्ठीची शेवटची चकती आली. तारीख होती त्या फुस्सच्या आदल्या दिवसाची. सहाही काडतुसं चोख. म्हणजे बाई शेवटच्या दिवसापर्यंत या यंत्रापुढे पूर्ण भानावर बसलेली होती. नावं विसरत होती, भाऊ मेलाय हे विसरत होती, पण या दांड्याशी बसली की कुठेही गेलेली नव्हती.

"मग ते एकच चुकलं असेल तिचं," टॅमी हळूच म्हणाली. "एखादं चुकतंच की, बाबा."

ड्वेनचं लक्ष कपाटाच्या तळाकडे गेलं. तिथे आणखी तीन चकत्या होत्या, चिठ्ठी नसलेल्या. ऑगस्टमध्ये ग्लेनिस टॅमीकडे आठवडाभर राहायला गेली होती, तेव्हा त्याने रेडिओवर बेसबॉलची मॅच ऐकत ऐकत स्वतःच थोडी भरून तिच्या काडतुसांतच ठेवून दिली होती. टॉर्च-बिर्च कोण मारत बसतो! आणि सप्टेंबरमधल्या त्या फुस्सच्या शनिवारी घाईत कपाटातून हाताला लागतील त्या चकत्या त्याने खिशात कोंबल्या होत्या.

"त्या कशाला आता?" टॅमीने विचारलं.

"बघू दे."

पहिली चकती ठीक निघाली. दुसऱ्या चकतीतलं चौथं काडतूस त्याने आपटलं. गोळी सुटून पडली, आणि तराजूत काहीच पडलं नाही. त्याने पुंगळी उलटी करून बोटाने टकटक केलं. पुन्हा केलं. आत स्वच्छ होतं, नव्या कपासारखं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती दिली होती त्याने, भर क्लबात. आणि बत्तीस वर्षं ज्या बाईच्या हाती जीव सोपवला, तिच्या नावाने खापर फोडून मोकळा झाला होता.

"मी होतो तो," तो म्हणाला. "टॅमी, ते माझं होतं. मी तुझ्या आईला..."

टॅमी बादली पालथी घालून तिच्यावर बसली, एकदम पोरीसारखी.

"आईने सांगितलं होतं मला."

"काय सांगितलं होतं?"

"तिला तिकडे सोडायला नेलं त्या दिवशी. तू पेट्रोल भरायला उतरलास ना, तेव्हा. म्हणाली, 'ते काडतूस माझं नव्हतं गं, त्याचं होतं, चकतीला चिठ्ठीच नव्हती. पण त्याला सांगू नकोस. स्वतःच्या हाताची भीती बसली तर तो पुन्हा नेम धरायचा नाही.'"

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, 'हो गं आई, नसेल हं तुझं.'" टॅमीने तोंडावर हात दाबला. "म्हाताऱ्यांशी बोलतात तसं, बाबा. आणि तिचा सीटबेल्ट लावला."