बूट बाहेर, मनातलं आत

“बूट बाहेर काढ, तामा! आणि मनातलं तेवढं आत घेऊन ये!”

मित्रांनो, तामातीच्या आईचा हा आवाज माझ्या रबरात अजून घुमतो. मी एक जुना गमबूट आहे, डावा. तारानाकीच्या डोंगराखाली गाईगुरांचं एक घर आहे, त्याच्या ओसरीवर माझी जागा. उजवा भाऊ शेजारीच. नवे होतो तेव्हा पहाटेच्या दवात चमकायचो. चिखल तुडवला, शेण तुडवलं, वासरांच्या खरखरीत जिभा सोसल्या. “काय भक्कम बूट आहेत!” असं येणारेजाणारे म्हणत.

मग आई गेली. तामाती पिऊ लागला. आम्हाला कुणी धुवेना, माझी टाच चिरली, गाई दुधाने तटतटून हंबरत राहिल्या. कुणी विचारलं की तो म्हणे, “माझं मी बघतो.”

एका सकाळी तो गोठ्यातच कोसळला. थोरली बहीण पारेहुइया बोचकं घेऊन राहायला आली. गावची नर्स ग्लेनिस आली आणि तिने बजावलं, “दारू एकट्याने एकदम सोडू नकोस, अंगाला झटके येतात. इथेच सोडवू, पण घर माणसांनी भरलेलं हवं. आणि या गोळ्यांवर दारू गेली, तर श्वास थांबेल.”

ताईने गोळ्या कुलपात ठेवल्या. तामातीने सगळ्या बाटल्या तिच्या हवाली केल्या. एक सोडून. ती माझ्या पोटात होती.

सांगू कुणाला? मला जीभ कुठे आहे!

शेजाऱ्यांच्या पाळ्या लागल्या. एक जोडी बूट गेले की दुसरी जोडी येई. कुणी दूध काढी, कुणी भोपळ्याचं सूप आणी, कुणी नुसतं उशाशी बसे. ग्लेनिस रोज येऊन नाडी बघे. तिसऱ्या दिवशी तामाती पानासारखा थरथरत होता. ताई कपाळावर ओलं फडकं ठेवून आईचं गाणं गुणगुणत होती.

त्या दिवशी शेजारच्या डेसने गोठ्यात जायच्या घाईत माझ्यात पाय घातला. ओसरीवर सगळेच बूट काळे, ही चूक आमच्याकडे नेहमीची. बोटं काचेला लागली.

“हं! इथे दडलीयेस होय?” तो पुटपुटला.

पाण्याच्या टाकीमागे त्याने बाटली गवतात ओतली, आपल्या थर्मासमधला चहा तीत भरला आणि ती पुन्हा माझ्यात ठेवली. हे त्याने फक्त ग्लेनिसला सांगितलं, “त्याची त्यालाच बाहेर काढू दे,” म्हणून.

पाचव्या दिवशी दुपारी तामाती ओसरीवर आला. माझ्याजवळ बसला. हात आत घातला. बाटलीत आता जीव घेणारं काही नव्हतं, पण त्याला ते कुठे ठाऊक? बोटं बाटलीभोवती वळली. कितीतरी वेळ तशीच राहिली.

मग त्याने मलाच उचललं आणि थेट स्वयंपाकघरात नेऊन टेबलावर ठेवलं.

“अरे मेल्या! जेवणाच्या टेबलावर बूट?” ताई कडाडली. “आई असती तर लाटणं घेऊन धावली असती!”

“आत बाटली आहे, ताई. पहिल्या दिवसापासून.”

डेस टेबलाशीच बसला होता. तो खाकरला.

“चहा आहे तो. बिनसाखरेचा. माझा पाय आधीच जाऊन आलाय तिथे.”

“तुझा पाय? त्या वासात?” तामाती म्हणाला, आणि सगळे हसले. ताई हसता हसता डोळे पुसू लागली.

मित्रांनो, आता माझी चीर सांधली आहे, मला रोज धुतात. एवढंच मागतो: जवळचं कुणी थरथरत असेल, तर नुसतं ओरडू नका. पाळीपाळीने त्याच्याजवळ बसा, दार उघडं ठेवा. लपवलेलं आत आणायला माणसाला वेळ लागतो.

त्या दुपारी तामातीने मला टेबलावरून उतरवलं, ताईसमोर बसला आणि इतक्या वर्षांत न बोललेलं बोलला.

“ताई, माझं मला एकट्याला जमत नव्हतं गं.”