गफूरभाईंचे चार तास

“तास विचारायचे, कारणं नाही. कारणं ऐकत बसलात तर दिवस पुरणार नाही.” नोकरीच्या पहिल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं. झोपेत ज्यांचा श्वास अडतो त्यांना आमच्या जळगावच्या दवाखान्यातून एक मशीन मिळतं. नाकातोंडावरच्या मास्कमधून ते रात्रभर हवा देतं. मी पेशंटना फोन करून ते रात्री किती तास लावलं ते लिहून घेते. मशीनं ट्रस्टची, मोजकीच. महिनाभरात रोजचे चार तास भरले नाहीत, तर परत घेऊन पुढच्याला द्यायचं.

रावेरकडच्या केळीवाल्यांचे तास भरत. नशिराबादच्या मुसलमान पेशंटांचे बहुधा नाही. आमचा टेक्निशियन तेजस म्हणायचा, “अक्का, ती माणसं टिकतच नाहीत.” मी पुढचा नंबर फिरवायची. पण वही पाहून मलाही तसंच वाटू लागलं होतं, खोटं कशाला बोलू?

गफूरभाईंचा आकडा दीड तास. ते केळीचा टेम्पो चालवतात. गेल्या वर्षी डोळा लागून टेम्पो हायवेच्या खाली उतरला, तेव्हापासून मालकानं बजावलंय, मशीन असेल तरच गाडी. सोमवारी मशीन परत घ्यायचं होतं आणि ते फोन उचलत नव्हते. म्हणून शुक्रवारी दुपारी मी घरीच गेले. ते नमाजहून नुकतेच आले होते. जरीनाभाभी चहा टाकायला उठल्या.

“चहा नको भाभी, शुक्रवारच्या उपासाला मी चहाही घेत नाही,” मी म्हटलं. मग भाईंना विचारलं, “मशीन का लावत नाही?”

“लावतो की! हवा दाढीतून सुटते, रातभर शिट्टी वाजते. शेजारचा विचारतो, गफूरमियाँ, रात्री कुकर लावता का?”

“तीन शिट्ट्या झाल्या की मीच बंद करते,” भाभी हसल्या. मग हळूच म्हणाल्या, “बंद केलं की यांचा श्वास थांबतो. परत येईपर्यंत मी बसून असते.”

“मला सांगायचं ना, भाई.”

“सांगितलं होतं, अक्का. तुम्ही म्हणालात, दाढी काढून टाका. मग फोन कशाला उचलू?”

म्हटलं होतं मी. अगदी गोड आवाजात, नखं कापा म्हणावं तसं.

भाभींनी बशीत दोन केळी आणून ठेवली. “उपासाला चालतात ना?”

बावीस वर्षं मी शुक्रवार धरते. तब्येतीसाठी सोडा म्हणून मला कुणी फोनवर सांगितलं असतं, तर मी तरी पुन्हा फोन घेतला असता का? केळं सोलायला हातच होईना.

तिथूनच तेजसला फोन लावला. “नाकपुड्यांशी बसणारा छोटा मास्क असतो ना, दाढीला न लागणारा?”

“असतो अक्का, पण धुळ्याच्या डीलरकडे. कुरियरनं बुधवार उजाडेल.”

डॉक्टरांना फोनवर कारण सांगून मुदत मागितली. ते म्हणाले, “सोमवारी नवा मास्क दाखवा, महिना नव्यानं मोजू.”

“सोमवारच्या आत आणते,” मी भाईंना म्हटलं.

“धुळ्याहून? अक्का, एवढ्यासाठी?”

शनिवारी पहाटे पूजा आटोपली. पोथीचा एक अध्याय राहिला होता, म्हणून पोथीच पिशवीत घेतली. घरात सगळे झोपले होते. दार हलकेच ओढून घेतलं आणि धुळ्याच्या पहिल्या बससाठी स्टँडकडे निघाले.