आकडेबाबांचा चिमटा

"चढला! आकडा चढला!"

लोखंडी सामानाच्या दुकानावरच्या हॉलमध्ये माणसं खुर्च्यांवर उभी राहून बघत होती. समोर आकडेबाबा. जटा नाहीत, भस्म नाही. इस्त्रीचे पांढरे कपडे आणि हातात दवाखान्यात रक्तातला प्राणवायू मोजायला बोटाला लावतात तो चिमटा. त्याची तार मोठ्या पडद्याला जोडलेली. मूल आलं की आधी त्याचे हात 'शुद्धीच्या पाण्यात' बुडवून ठेवायचे, मग चिमटा. आकडा ब्याऐंशी! आया हुंदके द्यायच्या. मग बाबा ते इवलेसे हात आपल्या तळव्यांत चोळत हुकूम सोडायचे, "प्राणा, वर ये! पायरीपायरीने ये!" जणू प्राण खालच्या मजल्यावर चपला शोधत बसलाय. आणि आकडा खरोखर चढायचा. नव्वद. पंच्याण्णव. अठ्ठ्याण्णव!

शिंप्याने तर पहिल्याच दिवशी हात जोडले होते. त्याच्या सात वर्षांच्या बिट्टीचं ऑपरेशन झालेलं. हृदयापाशी जन्मतः उघडी राहिलेली नळी डॉक्टरांनी डाव्या कुशीतून चीर देऊन बांधली होती. आणि बाबांनी काही न विचारता सांगितलं, "चीर डाव्या कुशीत. शुद्धीवर आल्यावर पोरीने आईला नाही, लाल बुटांना हाक मारली."  हे परक्याला कसं ठाऊक?

त्याला इथे घेऊन आली होती वॉर्डातली मावशी. अकरा दिवस तिने बिट्टीची वेणी घातली होती. "माझीच लेक आहे हो ती," म्हणायची.

बाबांनी बजावलं, "दवाखान्यात शिकवलेले व्यायाम, बाटलीत फुंकर मारणं, भिंतीवर बोटं चढवणं, जिने, सगळं बंद. आतली शिवण उसवेल."

दुसरा कुणी असता तर त्याने दोन प्रश्न विचारले असते. पण शिवण कशी उसवते हे शिंप्याला कुणी सांगायला नको होतं. त्याने पोरीला दीड महिना काचेच्या भांड्यासारखं जपलं.

एके दुपारी व्यायामाच्या बाई शिंप्याच्या दुकानात आल्या. दवाखान्यात लहान मुलांकडून ऑपरेशननंतरचे व्यायाम करून घेणाऱ्या त्या. त्यांनी बिट्टीच्या खांद्यावर हात ठेवला. फ्रॉकच्या आत काहीतरी मऊ लागलं.

"दादा, ही गादी कशाला?"

"डावा खांदा जरा उतरलाय. दिसू नये म्हणून."

"किती उतरलाय?"

"दोन बोटं. मागच्या महिन्यात एक होतं."

"म्हणजे माप घेऊन फ्रॉक सरळ केलात आणि पोर वाकडी होऊ दिलीत! बिट्टी, हात वर कर बघू."

हात कानापर्यंतही गेला नाही.

"हिचा पाठीचा कणा वाकेल अशाने. कापड ठेवून दिलं तर राहतं, दादा. मांस ठेवून दिलं की आखडतं."

"पण बाई, तो आकडा? माझ्या डोळ्यांदेखत चढला."

बाईंनी पिशवीतून चिमटा काढून बिट्टीच्या बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव. "ऑपरेशननंतर रोज हाच होता. त्या पाण्यात हात घातलाय कधी तुम्ही?"

"गार असतं."

त्यांनी शेजारून बर्फ आणवला आणि शिंप्याचेच हात पाण्यात धरायला लावले. बोटं बधिर झाली. चिमट्याने आधी नुसत्या रेघा दाखवल्या, मग चौऱ्याऐंशी. हात चोळले, सत्त्याण्णव.

"गारठ्याने बोटातल्या रक्तवाहिन्या आखडतात, चिमट्याला नीट वाचता येत नाही. ऊब मिळाली की येतं. बाबा नसले तरी येतं."

शिंपी ओल्या हातांकडे बघत राहिला. "आणि लाल बूट?"

बाईंनी एवढंच विचारलं, "तेव्हा खाटेपाशी कोण होतं?"

शिंप्याला वेणी घालणारे हात आठवले. तो खाली बसला.

पुढच्या बैठकीला तो बाबांच्या आधी शुद्धीच्या पाण्याच्या घमेल्यापाशी पोचला, आपले हात बुडवून ठेवले आणि मग चिमटा स्वतःच्याच बोटाला लावला.

"अरे, हे मुलांसाठी आहे!" बाबा ओरडले.

"मग मला का लागू पडतंय? बघा सगळ्यांनी. माझ्या हृदयाला काही झालेलं नाही, तरी त्र्याऐंशी!" त्याने हात काखेत दाबून धरले. सगळ्यांदेखत आकडा चढला. हॉलमध्ये एक खुर्ची करकरली.

दारात मावशी उभी होती. कडेवर नवीन बाळ, मागे त्याचे आईबाप.

"मावशी, लाल बुटांचं तुम्हीच सांगितलंत ना?"

"आईबापांना धीर लागतो हो. मी वाईट नाही केलं काही."

"धीर तर तुमचाच होता आम्हाला. या बाबाला मी ओळखतही नव्हतो. तुमच्या तोंडाकडे बघून आलो." तो नव्या आईबापांकडे वळला. "डॉक्टर सांगतील ते समजेपर्यंत विचारा, दहादा विचारा, रागावले तरी विचारा. आणि कुणी आकडा चढवून दाखवला, तर तो आधी पाडला कुणी, हेही विचारा."

त्या आईने मावशीच्या कडेवरून आपलं बाळ काढून घेतलं.

बिट्टीची बोटं आता रोज भिंतीवर चढतात. दुखतं, ती रडते, शिंपी मोजत राहतो. खांदा एक बोट वर आलाय. वेणी मात्र ती कुणालाच घालू देत नाही.