मावशीच्या डब्यातलं तेज

खुळ्ळ… खुळ्ळ… खुळ्ळ.

भर दुपारची शांतता होती. दोन्ही मुलं झोपली आहेत अशी रसिकाची समजूत होती, आणि कित्येक दिवसांनी चहा गरम असताना ओठाला लागत होता. खुळखुळ आतल्या खोलीतून येत होती. ती कप तसाच टाकून धावली.

सहा वर्षांची सान्वी पाळण्याशी उभी राहून विनूच्या नाकासमोर पत्र्याची डबी हलवत होती आणि विनू डबी धरायला दोन्ही हात पसरत होता.

"हळू गं आई! मी त्याला खुळखुळा केलाय."

रसिकाने डबी हिसकावून उघडली. आत पांढऱ्या गोळ्या होत्या. तिच्या सासऱ्यांच्या, अप्पांच्या, रक्तदाबाच्या गोळ्या. डबी जवळजवळ भरलेली.

"सान्वी, कुठे मिळाल्या या?"

"मावशीच्या कप्प्यात. आजोबा रोज सकाळी खाली जाऊन तिला एक गोळी देतात."

मावशी म्हणजे अप्पांची गाडी. काळी, गोलमटोल, अप्पांच्या लग्नाआधीची, कोपरीतल्या त्यांच्या सोसायटीत दोन स्कूटरांची जागा अडवून बसलेली. खोकल्याशिवाय उठायची नाही आणि मनात नसलं तर दारातून हलायची नाही, म्हणून मावशी. तिचं एक दुखणं जुनं होतं. सिग्नलला थांबली की पुढचे दिवे मालवत यायचे, हॉर्नचा घसा बसायचा. गाडी पळायला लागली की तेच दिवे पुन्हा डोळे वटारायचे.

त्यावर तळमजल्याच्या आवडाबाईंनी शीळफाट्याचे तेजोनाथ महाराज आणले. महाराजांनी बॉनेटवर हात ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, "हिचं तेज गळतंय!" मग इंजिनाच्या बाजूचा तळहाताएवढा काळा डबा काढला. डायनामोने बॅटरीला किती वीज द्यायची ते ठरवणारा तो डबा. भगव्या फडक्यात गुंडाळून महाराज तो एका रात्रीच्या अनुष्ठानाला मठात घेऊन गेले. परत आला तेव्हा झाकणाला लाल लाखेचा शिक्का होता. "शिक्का मोडलात तर तेज उडून जाईल. मग मला हाक मारू नका."

आणि खरंच, त्या दिवसापासून सिग्नलला मावशीने डोळे मिटले नाहीत.

आता रसिका कोण? तर फिजिक्सची एम.एस्सी. मुलं व्हायच्या आधी डोंबिवलीच्या कॉलेजात शिकवायची. शेजारच्या दारावर नवं लिंबू लागलं की जिन्यातच भाषण ठोकायची. डबा परत बसला त्या संध्याकाळी मात्र खांद्यावर पेंगुळलेला विनू आणि डोक्यात पेंगुळलेला मेंदू घेऊन तिने मावशीचा व्हिडिओ काढला. त्यात ती हसत म्हणाली, "मी फिजिक्सची एम.एस्सी. आहे, आणि मला हे समजावून सांगता येत नाहीये." दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तिसरीही खरी होती, की तिने डबा उघडून बघितलाच नव्हता. पण ती तोंडातून बाहेर पडायच्या आत विनूने भोकाड पसरलं आणि व्हिडिओ तिथेच संपला.

सोसायटीच्या ग्रुपवरून तो टिटवाळ्यापर्यंत पोचला. मठात आरतीच्या आधी तो लाउडस्पीकरवर लावतात, असं आवडाबाई कौतुकाने सांगून गेल्या. लिंबू-मिरचीची शत्रू आता महाराजांची जाहिरात झाली होती, तीही फुकट.

डबी मुठीत घेऊन रसिका बाहेर आली. अप्पा पेपर वाचत होते.

"अप्पा, या गोळ्या?"

अप्पांनी पेपर खाली केला. चोरी पकडली गेलेल्या मुलासारखं आधी सान्वीकडे बघितलं, मग रसिकाकडे. "महाराज म्हणाले, औषध चालू असेल तर तेज बसत नाही. आज संध्याकाळी येतायत. दोरा बांधतील. आणि हो, डॉक्टरांची ती ऑपरेशनची तारीख मी नको म्हणून कळवलंय."

अप्पा जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळले होते, त्याला फार दिवस झाले नव्हते. ठोके मंद पडतायत, मध्येच चुकतायत, छातीत छोटं मशीन बसवायलाच हवं, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं.

"अप्पा, अहो, हृदय आहे ते!"

"अगं, ज्याने मावशीचा जीव सावरला तो माझा नाही सावरणार? आणि तूच तर म्हणालीस, फिजिक्सलासुद्धा हे कळत नाही."

"फिजिक्सला नाही म्हटलं मी. मला म्हटलं."

"तेच ते," अप्पा म्हणाले आणि पुन्हा पेपरात शिरले.

संध्याकाळी सोसायटीच्या अंगणात ही गर्दी! कुणी बंद पडलेला इन्व्हर्टर आणला होता, कुणी सासूचे गुडघे. मध्ये मावशी इंजिन चालू ठेवून, दिवे फुल लावून प्रदर्शनाला उभी. तिच्या शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत शर्टाची वरची बटणं सोडून अप्पा. एरवी टाचणी मोडली तरी दुकानदाराशी वाद घालणारा माणूस, आज कोकरासारखा बसला होता.

"गाडी काय नि शरीर काय, वायरिंग एकच!" महाराज माइकवर रंगले होते. "मंद तेज म्हणजे मंद भाग्य! तेज बांधा, भाग्य सांधा! विज्ञान जिथे थकतं तिथे आपला मठ उघडतो! ऐका, खुद्द विज्ञान काय म्हणतंय ते!"

आणि स्पीकरमधून रसिकाचा आवाज आला. 'मी फिजिक्सची एम.एस्सी. आहे…' टाळ्या पडल्या. कडेवर विनू आणि हातात त्याच्या खिमटीची वाटी धरून रसिका उभी होती. स्वतःचा आवाज इतका बावळट तिला बाळंतपणाच्या कळांतही वाटला नव्हता.

तेवढ्यात मावशीच्या खिडकीतून सान्वीचं डोकं बाहेर आलं. "आई, लाल दिवा अजून लागलाय गं."

"कुठला लाल दिवा?"

"आतला. आजोबा म्हणतात ना, तो लागला की मावशी कमवत नाही, नुसती बसून खाते."

रसिकाच्या मेंदूने इतक्या महिन्यांनी डोळे उघडले. लाल दिवा लागलाय म्हणजे डायनामो आत्ता काहीच वीज देत नाही. पूर्वीसारखाच! म्हणजे डायनामोत तेजबीज काही शिरलेलं नाही. पुढचे दिवे जळतायत ते बॅटरीवर, आणि बॅटरी भरलेली आहे. मग बदललंय काय? तर तिला भरणारा तो डबा.

"महाराज, तेज बांधलंत तर आतला लाल दिवा का लागतो?"

महाराजांनी मावशीला हात जोडले. "तो देवीचा नेत्र आहे, ताई."

"तो आधीही लागायचा."

"आधी तो निद्रिस्त होता."

"दिवा झोपेत लागायचा?" मागून कुणीतरी विचारलं आणि हशा पिकला.

रसिकाने विनूला आवडाबाईंच्या कडेवर दिलं आणि बॉनेट उचललं. हातात हत्यार म्हणजे खिमटीचा चमचा. त्याचं टोक तिने लाखेच्या शिक्क्याखाली घातलं.

"रसिका, नको गं!" अप्पा खुर्चीतून अर्धे उठले होते. त्यांचा हात छातीवर गेला होता. "गेलं तर सगळं?"

तिचा हात थांबला. शिक्का मावशीचा मोडतोय की आपला, ही भीती त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होती.

"अप्पा," ती म्हणाली, "जे झाकण उघडल्याबरोबर मरतं, ते तेज मला तुमच्या छातीत नकोय."

कट्! लाख तुटली. झाकण उडालं. सगळ्यांच्या माना एकदम मावशीच्या दिव्यांकडे वळल्या. दिवे जळत होते. जळतच राहिले.

डबा जुना, बूड जुनं, पण आतलं सगळं काढून टाकलेलं. जिथे तारांची वेटोळी आणि टकटकणाऱ्या पट्ट्या असायच्या, तिथे काडेपेटीएवढी एक काळी वडी बसवलेली होती. तिच्यावरचं लेबल कुणीतरी खरवडलं होतं, पण 'बारा व्होल्ट' तेवढं राहून गेलं होतं. आणि सोल्डरिंग? इतकं देखणं, की या माणसाने गॅरेज काढलं असतं तर रसिकाने आनंदाने व्हिडिओ केला असता.

"हे बघा तेज," ती म्हणाली. "नव्या पद्धतीचा रेग्युलेटर आहे. आधीच्या पट्ट्या जळल्या असणार, त्या बॅटरीला पोटभर जेवूच देत नव्हत्या. गाडी थांबली की डायनामोही थांबल्यासारखाच, मग उपाशी बॅटरी दिवे कुठून पोसणार? आता ती मापात भरते. एवढंच. मंत्र नाही, माल आहे."

"यंत्र हे निमित्तमात्र असतं, ताई," महाराज माइक न घेता म्हणाले.

"मग निमित्त काढून ठेवते. चार दिवस गाडी फिरवून दिवे तेवढे असेच ठेवून दाखवा."

महाराजांना एकाएकी टिटवाळ्याचा कार्यक्रम आठवला. ते फडकं गोळा करायला लागले तर आवडाबाईंनी विचारलं, "अहो, जाताजाता दुकानाचं नाव तरी सांगा! आमच्या ह्यांच्या जीपला हवाय."

गर्दी पांगली. अप्पा तसेच बसून होते.

"पण दिवे तर लागले ना गं," ते हळूच म्हणाले.

रसिका त्यांच्या खुर्चीशी उकिडवी बसली. "लागले, अप्पा. ते खोटं नाहीच. पण मावशीसाठी त्याने मशीन आणलं. दोरा नाही बांधला. आणि तुमच्यासाठी दोरा? गाडीला मशीन आणि माणसाला दोरा?"

अप्पांनी शर्टाची बटणं लावायला घेतली.

"डॉक्टरांचं ते मशीनही काडेपेटीएवढंच असतं म्हणालीस ना?"

"त्याहून लहान."

"फोन लाव त्यांना. आणि गोळी दे एक. मावशीने पुष्कळ खाल्ल्या."

रसिकाने त्याच जागी उभं राहून दुसरा व्हिडिओ काढला. 'मी फिजिक्सची एम.एस्सी. आहे आणि डबा न उघडता बोलले. तुम्ही तसं करू नका. न कळलेल्या गोष्टीला चमत्कार म्हणायची घाई करू नका, नुसतं "अजून कळलं नाही" म्हणा आणि शोधा. कुणाच्याही सांगण्यावरून डॉक्टरांचं औषध थांबवू नका. आणि जो म्हणतो "उघडू नका", त्याचं झाकण आधी उघडा.' हा व्हिडिओ टिटवाळ्यापर्यंत काही पोचला नाही. सोसायटीच्या ग्रुपवर त्याखाली तीन फुलं आली आणि पाण्याच्या टँकरची चौकशी.

अप्पा हॉस्पिटलमधून घरी आले त्या दिवशी सान्वी त्यांच्या पलंगाला चिकटून बसली. गळ्याच्या हाडाखाली पट्टीआडून वर आलेला छोटा उंचवटा तिने बोटाने लांबूनच दाखवला.

"आजोबांचा डबा?"

"हो," रसिका म्हणाली.

"कधी उघडायचा?"

"छे गं! हा कधीच उघडायचा नाही. आपण तर मुळीच नाही."

अप्पा गालातल्या गालात हसले. सान्वीने बोट मागे घेतलं, जरा विचार केला आणि आईकडे बघितलं.

"मग आत मशीनच आहे, दोरा नाही, हे तुला कसं माहीत?"